बैलावरून आलेला राजा: आमच्या तेवीस मिनिटांच्या महादजी पिक्चरची पूर्ण हकीकत

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला, मध्य प्रदेशात टॅक्स-फ्री झाला आणि आमच्या मंडळाची पोरं तीन-तीनदा बघून आली. मंडळ म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्करातलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं, ते लष्कर. त्याच सुमारास तिकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडला लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होते, का तर पिक्चरमध्ये बुऱ्हाणपूरचा खजिना दाखवलाय. पिक्चरचा असा असर, त्यात आमची पोरं काय वेगळी, गुढीपाडव्याच्या मीटिंगला त्यांच्यातला एक उठला आणि म्हणाला की संभाजीराजांसाठी शिट्ट्या वाजवल्या ते बरोबरच, पण ज्यांच्या घराण्यावर आपलं अख्खं गाव उभं आहे त्या महादजींवर कोण बनवणार? कोणी काही बोललं नाही. आमच्या मंडळात कोणी बोललं नाही म्हणजे ठराव पास.

ठरलं असं की गणपतीत दाखवायला वीस-पंचवीस मिनिटांचा पिक्चर करायचा, विषय महादजी शिंद्यांचा उदय. गणपती २७ ऑगस्टला, हातात पाच महिने. वर्गणीतून बाजूला काढलेले दोन लाख चाळीस हजार. कॅमेरा-एडिटिंग दादांचं, त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. कपडे ताईंकडे. पटकथा आणि हिशेब माझ्याकडे, कारण मी टॅक्सच्या ऑफिसात काम करते आणि शाळेत असताना निबंधात बक्षीस मिळालं होतं, एवढंच क्वालिफिकेशन. आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला काका, वय अठ्ठ्याहत्तर, जुन्या शिलेदारी घराण्यातले, त्यांच्या वाड्याचा चौक मिळणार होता म्हणून त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिला ड्राफ्ट मी चौऱ्याहत्तर पानांचा लिहिला. दादा म्हणाले, वहिनी, एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तोपर्यंत मला हे माहीतच नव्हतं. त्या चौऱ्याहत्तर पानांत मी पानिपत घातलं होतं, १७७१ ची दिल्ली, १७७९ चं वडगाव जिथे इंग्रजांनी गुडघे टेकले, १७८२ चा सालबाईचा तह, महादजींच्या पदरी असलेल्या बेन्वा द बॉयन या युरोपियन सेनानीच्या कवायती पलटणी, १७९० च्या पाटण आणि मेडत्याच्या लढाया, सगळं. वाचताना भारी वाटत होतं. मग आम्ही घोड्यांचा भाव काढायला गेलो.

ग्वाल्हेरमध्ये घोडं म्हणजे वरातीचं. घोडीवाले चाचा म्हणाले, दिवसाला एका घोडीचे अडीच हजार, दाणा वेगळा. मेडत्याच्या राठोड घोडदळाला मी कागदावर चारशे घोडी लिहिली होती, आम्हाला परवडत होत्या चार. बरं चार तर चार, कॅमेरा जवळ ठेवून धूळ उडवून भागवू म्हणून मे महिन्यात ट्रायल घेतली, मूड यावा म्हणून पोरांनी ढोल वाजवला आणि चारही घोड्या जागच्या जागी नाचायला लागल्या. त्यांची काय चूक, जन्मभर तेच शिकवलेलं. चाचा अभिमानाने बघत होते. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी येऊन सगळ्या लढाया कापल्या.

इथून खरं प्रकरण सुरू होतं. आत्तापर्यंतचा प्रश्न पैशाचा होता. लढाया काढल्यावर कळलं की उदय म्हणजे नक्की काय दाखवायचं हेच आम्हाला माहीत नाही. मोठे ऐतिहासिक पिक्चर बघून डोक्यात एक साचा बसलाय, राजा घोड्यावरून येतो, स्लो मोशनमध्ये अंगरखा उडतो, शंभर माणसं पडतात, मग सिंहासन. महादजींचं आयुष्य या साच्यात बसतच नाही. त्यांची गोष्ट सुरूच होते हरण्यापासून. राणोजी शिंद्यांचा हा मुलगा, पण घरात वरचे भाऊ होते, वारसा यांच्याकडे येईल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग १७५५ मध्ये जयाप्पांचा नागोरला खून झाला, जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी पडले, आणि वर्षभराने १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर तुकोजी गेले, पुतण्या जनकोजीही गेला. सहा वर्षांत घर साफ. महादजी तिशीचे, पायावर घाव बसून पडलेले, आणि तो पाय पुढे जन्मभर अधू राहिला. त्यांना तिथून कोणी आणलं? राणेखान नावाच्या एका भिस्त्याने, म्हणजे पाणी वाहणाऱ्याने, बैलावर घालून.

म्हणजे आमच्या राजाची एन्ट्री बैलावरून, बेशुद्ध.

काकांना हे सांगितल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "अगं, लोक राजाची एन्ट्री बघायला येतात. पहिल्याच सीनला त्याला खड्ड्यात पडलेला दाखवणार? आणि पळवून आणलेला?" मी म्हटलं काका, पळाले नाहीत, उचलून आणले. ते म्हणाले पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. आणि खरं सांगायचं तर यात काकांचं चुकत नव्हतं, पडद्यावर खरंच सारखं दिसतं. पोरांचंही म्हणणं असंच, पहिले दोन मिनिट तरी घोडा पाहिजे, घोडी का होईना. त्यातून एकाने वेगळीच काडी टाकली, की सध्याचं वातावरण असं आहे, भिस्ती मुसलमान आहे, राणेखान दाखवूच नका, नुसता 'एक सेवक' म्हणा. यावर मीटिंग तासभर चालली, आवाज चढले, ताई उठून गेल्या आणि पोह्यांची ताटली घेऊन परत आल्या. माझं म्हणणं एवढंच होतं की महादजींनी स्वतः त्या माणसाला पुढे भाऊ म्हटलं, आपल्या फौजेत मोठा सरदार केला, तर त्यांना जे लपवावंसं वाटलं नाही ते आपण कोण लपवणार. काका मान खाली घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, नाव घ्यायचं, 'सेवक' नाही चालणार. एन्ट्रीबद्दल मात्र ते शेवटपर्यंत नाराजच राहिले.

माझ्या बाजूने निकाल लागला तो एका तारखेमुळे. ऑगस्ट १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने दिल्लीत बादशहा शाह आलमचे डोळे काढले. त्यानंतर मराठा फौज दिल्लीत शिरली ऑक्टोबरात, आणि त्या फौजेच्या पुढे कोण होता, तर हाच राणेखान. पानिपतावर बैल हाकणारा माणूस सत्तावीस वर्षांनी लाल किल्ल्यात सेनापती म्हणून. हे वाचलं आणि मी दादांना रात्री साडेअकराला फोन केला की पिक्चर मिळाला, बैलापासून किल्ल्यापर्यंत, मधलं सगळं वाट बघणं.

आता बैल. या एका सीनवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मला वाटतं तेच योग्य झालं. आमचा हिरो बँकेत आहे, वजन चौऱ्याऐंशी किलो. राणेखान झालेला मुलगा नाटकवाला, व्यायामाचा, पण तरी एकट्याने चौऱ्याऐंशी किलोचा बेशुद्ध माणूस, तोही पाय हलवायचा नाही, उभ्या बैलावर कसा चढवणार? कागदावर मी एक ओळ लिहिली होती, 'राणेखान त्याला उचलून बैलावर घालतो.' ती एक ओळ करायला दोन पहाटा गेल्या. उचलला की बैल पुढे जायचा. बैल धरला की हिरो घसरायचा. एकदा दोघंही खाली आले आणि बैल तेवढा उभा. शेवटी बैलवाले, मुरैन्याच्या बाजूचे शेतकरी, बिडी विझवून म्हणाले, "ऐसे नहीं चढ़ेगा भैया, बैल को नीचे उतारो, आदमी को नहीं उठाना है." म्हणजे बैल नाल्यात खाली उभा करायचा आणि माणूस काठावरून त्याच्या पाठीवर सरकवायचा. बरोब्बर बसला. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की पानिपतावरही कोणाला तरी हेच सुचलं असणार, कारण दुसरा मार्गच नाही. लढाईत हे असं काही सुचणं हीसुद्धा हुशारीच, पण तिच्यावर पोवाडा होत नाही.

आणि अजून एक गोष्ट त्यातूनच निघाली. भिस्त्याच्या बैलावर पखाल असते, दोन्ही बाजूंना लोंबणारी कातड्याची मोठी पिशवी, पाण्याने भरलेली. आपल्याकडे 'हल्याला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन' म्हणतात ना, तीच पखाल, पण पोरांना शब्द माहीत नव्हता, त्यांना ती वॉटर टँक वाटली. तर माणूस घालायचा तर पखाल उतरवली पाहिजे, म्हणजे पाणी सांडलं पाहिजे. त्या मैदानावर आपलं सैन्य उपासमारीने आणि तहानेने बेजार झालं होतं, तिथे हा माणूस पाणी ओतून टाकतो. हे कुठे लिहिलेलं नाही, हे मी घातलं, आणि ते कल्पनेतलं आहे असं सगळ्यांना सांगूनच घातलं. पखाल ताईंनी रेक्झिनची शिवली, खाली ताडपत्री, वरून चॉकलेटी रंग. पाणी ओतायच्या शॉटला सगळे गप्प. तो एकच टेक घेतला, पाण्याचं पिंप तेवढं एकच आणलं होतं म्हणून.

लोकेशनची भानगड थोडक्यात सांगते. अर्ध्या मंडळाला जयविलास पॅलेसमध्ये दरबार पाहिजे होता. मी म्हटलं तो महाल जयाजीरावांनी १८७४ मध्ये बांधला, महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला गेले, ऐंशी वर्षं मधे आहेत. एकाने विचारलं, मग महादजी ग्वाल्हेरला कुठे राहायचे? राहायचेच नाहीत! गादी तेव्हा उज्जैनला होती. हे ऐकून बरेच जण हिरमुसले, आपल्याकडे लहानपणापासून असंच वाटत आलेलं असतं की महादजी सकाळी महाराज बाड्यावर, म्हणजे लष्करातल्या मुख्य चौकात, फिरायला जायचे. किल्ल्याचा त्यांच्याशी संबंध होता पण तो सुद्धा गमावण्या-मिळवण्याचा, १७८० मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन पॉपहॅमच्या लोकांनी रात्री शिड्या लावून किल्ला घेतला आणि महादजींनी तो १७८३ मध्ये परत मिळवला. किल्ल्यावर शूटिंगला पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते, त्याला जो वेळ लागतो तो आमच्याकडे नव्हता, म्हणून तो नाद सोडला. पानिपत केलं गावाबाहेरच्या दगडाच्या बंद खदानीत, पुणे आणि दिल्ली दोन्ही काकांच्या चौकात, फक्त पडदे बदलून.

पानिपत संक्रांतीच्या थंडीतलं आणि आम्ही शूट केलं जूनमध्ये. ग्वाल्हेरचा जून ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस, आणि हिरो घोंगडीत. पहाटे साडेचारला सुरू करायचं, सातच्या आत गुंडाळायचं, गोवऱ्या पेटवून धूर केला तो धुकं म्हणून खपला. तरी एका क्लोजअपमध्ये जानेवारीच्या पहाटे महादजींच्या नाकावर घामाचा थेंब आहेच.

मधला भाग, म्हणजे १७६१ ते १७६८. पानिपतानंतर शिंद्यांची सरदारी आपोआप महादजींकडे आली नाही, राघोबादादांच्या मनात दुसरं होतं, वाद चालला, आणि थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात १७६८ मध्ये ती नक्की झाली. सात वर्षं एक लंगडणारा माणूस आपलंच मागत फिरतोय. हे कसं दाखवायचं? इथे मला राणोजींची जुनी गोष्ट आठवली, बाजीरावांचे जोडे सांभाळताना झोप लागली तरी जोडे छातीशी धरलेले, ते बघून पेशवे खूश झाले म्हणे. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण शिंद्यांच्या गावात ती सगळ्यांना पाठ. तर मी सीन असा लिहिला की महादजी पेशव्यांच्या दाराबाहेर बसलेत, समोर आत गेलेल्या लोकांचे जोडे आहेत, जोडे वाढतात, कमी होतात, ऊन सरकतं, पाऊस येतो, हे बसलेलेच. साडेतीन मिनिटं, संवाद नाही. लिहिताना मला हा पिक्चरचा प्राण वाटत होता.

आणि इथेच पाय घोटाळला, अक्षरशः. एडिटिंगला बसल्यावर दादा म्हणाले, वहिनी, महादजींचा कुठला पाय अधू आहे? कारण तीन शॉटमध्ये उजवा लंगडतोय आणि दोन शॉटमध्ये डावा. हिरोला विचारलं तर म्हणे, पहिल्या दिवशी उजवा दुखला म्हणून मग डावा घेतला. कंटिन्युइटी बघायची जबाबदारी कोणाची होती? माझीच, मी त्या वेळी घोडीवाल्याचं बिल भांडत होते. परत शूट करायला पैसे नव्हते. दादांनी युक्ती काढली की ते दोन शॉट आरशासारखे उलटे करू. केले. पाय जमला, पण अंगरख्याचे बंद दुसऱ्या बाजूला गेले, पगडीचा तुरा फिरला आणि तलवार उजव्या कमरेला आली. आम्ही म्हटलं कोण बघतंय. ताईंनी बघितलं, त्यांनी ते बंद स्वतः शिवले होते, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

भाषेवरूनही जरा झालं. आमच्या घरांतली पोरं मराठी बोलतात पण 'आई, मी येऊन राहिलोय' असली, बखरीची मराठी त्यांच्या डोक्यावरून जाते. पूर्ण हिंदीत करा असा आग्रह होता. शेवटी शिंदे-पेशवे मराठीत आणि दिल्लीचे हिंदुस्तानीत, आणि राणेखान दोन्ही बोलतो. तसंच असणार ना खरं म्हणजे, त्याला दोन्ही जगांत वावरायचं होतं.

शेवटच्या सीनला दादांना पाहिजे होतं की राणेखान आंधळ्या बादशहाला ओंजळीने पाणी पाजतो, म्हणजे सुरुवातीचं सांडलेलं पाणी परत येतं. दोन जण तर ऐकूनच रडले. मी ते कापलं. फार गोड झालं असतं, आणि ते पाणी मीच घातलेलं होतं, माझ्याच थापेला मी मोठं करत बसणार का. राणेखान नुसता दाराशी येऊन उभा राहतो, बादशहा आवाजाच्या दिशेने मान वळवतो, विचारतो "कौन?" आणि पिक्चर संपतो. त्यावर पाटी येते, १७८४ मध्ये महादजींना वकील-ए-मुत्लक हा सगळ्यात मोठा बादशाही अधिकार मिळाला आणि तरी ते स्वतःला पाटीलच म्हणवत राहिले. कृष्णभक्तीची पदं रचायचे हेही टाकायचं होतं, पण पाटी आधीच लांब झाली.

गणपतीच्या चौथ्या दिवशी दाखवला. खुर्च्या एकशे ऐंशी, माणसं त्याहून जास्त. मी मागे भिंतीला टेकून प्रेक्षकांकडेच बघत होते. बैलाच्या सीनला पिनड्रॉप शांतता, पखाल सांडली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, पाणी टाकलं." मग आला माझा लाडका जोड्यांचा सीन आणि पहिल्या मिनिटातच खुर्च्या सरकल्या, लोक वडे आणायला उठले, एका लहान मुलाने विचारलं हे काका बसूनच राहणार का. साडेतीन मिनिटं फार होती. दीड पुरलं असतं. कंटाळा दाखवायचा म्हणजे बघणाऱ्याला कंटाळा आणायचा असं नाही, हे मला शूटिंगच्या आधी कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. उलटे केलेले शॉट कोणालाच कळले नाहीत, तलवारीवर एकाने शंका काढली तर काका त्याला म्हणाले, लढवय्याला दोन्ही हात सारखेच.

काकांनी पिक्चर उभ्याने बघितला. संपल्यावर ते हिरोकडे गेलेच नाहीत, सरळ राणेखानकडे गेले आणि त्याचा खांदा दाबून बघितला, खरंच उचलला का रे त्याला, म्हणून. एन्ट्रीबद्दल माझ्याशी अजून बोललेले नाहीत, पण पुढच्या वर्षी वडगावची लढाई करू, चौक देतो, एवढं मात्र ताईंकडून कळवलंय. म्हणजे परत घोड्या.

हिशेब असा, खर्च दोन लाख एकसष्ट हजार, एकवीस हजारांचा खड्डा, त्यातले नऊ हजार दादांनी स्वतःचं बिल कमी करून सोडले, बाकीचे मंडळ दिवाळीत बघेल म्हणाले आणि दिवाळीत कोणी बघितलं नाही, शेवटी आम्ही चौघांनी वाटून घेतले. सगळ्यात स्वस्त निघाला बैल, दोन पहाटांचे तीन हजार. बैलवाल्यांचा पिक्चर मात्र बघायचा राहून गेला, त्या दिवशी त्यांच्या घरी कोणी आजारी होतं. मी पेनड्राइव्ह पाठवला, पण त्यांचा टीव्ही जुना आहे, घेत नाही. आता या रविवारी दादा लॅपटॉप घेऊन जाणार आहेत, मी पण जाईन म्हणते, जाताना गूळ आणि पेंड न्यायची आहे.